समोरच्या दारातल्या रायसा बोरिसोव्हना

टॅम्पिनीसमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. खोली कसली, मोठं कपाटच. भिंती जाड, खिडकी नाही आणि दार पोलादी. सिंगापूरच्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक घराला अशी एक खोली असते, कधी बॉम्बहल्ला झालाच तर आत जाऊन बसण्यासाठी. पण तसं कुणी बसत नाही. सगळे तिला स्टोअररूमच म्हणतात. आम्हीही तिच्यात तांदळाची पिशवी, रिकाम्या सुटकेसा, इस्त्रीचं टेबल आणि कांदे ठेवले होते.

रायसा बोरिसोव्हना पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा सोफ्यावर बसल्याच नाहीत. सरळ त्या दारापाशी गेल्या. त्याच्या जाडीवरून बोटं फिरवली, बिजागऱ्या पाहिल्या, आत डोकावल्या आणि शाळेतल्या बाईंच्या करड्या आवाजात मला इंग्रजीत म्हणाल्या, "असं दार आहे तुमच्याकडे, आणि तुम्ही त्यात कांदे ठेवता?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा मुलगा मार्क आणि मी वन-नॉर्थ भागात एकाच संशोधन संस्थेत काम करायचो, त्याची लॅब आमच्या वरच्या मजल्यावर. तो बरीच वर्षं सिंगापुरात एकटा राहत होता. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि खारकीवच्या त्यांच्या वस्तीवर रोज तोफगोळे पडायला लागले, तेव्हा त्यानं आईला कसंबसं पोलंडपर्यंत आणवलं आणि तिथून इकडे. एका खोलीत दोघांचं भागेना म्हणून तो घर शोधत होता. आमच्या समोरचा फ्लॅट रिकामा झाला होता, मी त्याला सांगितलं. अशा रायसा बोरिसोव्हना आमच्या शेजारी झाल्या.

वय सत्तरीच्या पुढे. उंची बेताची, पाठ ताठ, पांढरे केस पुरुषांसारखे बारीक कापलेले. सिंगापूरच्या उकाड्यातही अंगात राखाडी स्वेटर, कारण मॉलमधला एसी म्हणजे त्यांच्या मते मुद्दाम केलेला अन्याय होता. मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ, ते कायम खारकीवच्या वेळेवर. इथे किती वाजले ते त्या दुसऱ्यांना विचारायच्या. मार्कनं फोनवर वेळ दिसते असं सांगितलं तर म्हणाल्या, "इथली वेळ मला कुणीही सांगेल. तिथली कोण सांगणार?"

पहिल्या दिवशी मी त्यांना 'आंटी' म्हटलं, तर त्यांनी मला थांबवलं. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला त्याच्या नावानं आणि वडिलांच्या नावानं हाक मारतात. वडील बोरिस, म्हणून रायसा बोरिसोव्हना. मी सांगितलं की आमच्याकडेही वडिलांचं नाव मध्ये असतंच, लग्नानंतर नवऱ्याचं येतं. "नवऱ्याचं कशाला?" त्या म्हणाल्या. "नवरा बदलू शकतो."

सगळं आयुष्य त्यांनी शाळेत जर्मन शिकवलं होतं. आता इथे, अनोळखी गावात, ना वर्ग ना विद्यार्थी. मुलाच्या नोकरीवर मिळालेल्या राहण्याच्या पासवर त्यांना काम करता येत नव्हतं. पण रिकामं बसणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात, चिनी आज्या व्यायाम करायच्या. रायसा बोरिसोव्हना आधी मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. काही आठवड्यांनी मी ऑफिसला निघताना पाहिलं, तर त्या पुढे उभ्या होत्या आणि एकेकीचा हात धरून तो नीट वर करून देत होत्या. एक शब्द कुणाचा कुणाला कळत नव्हता. आज्या निमूट ऐकत होत्या.

आमची अनोमा तेव्हा आठ वर्षांची. शाळेतून आली की मी येईपर्यंत ती समोर जायची. ते काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. त्या तिला बीटचं सूप पाजायच्या, पाढे म्हणवून घ्यायच्या आणि पाठीत वाकून बसली की दोन बोटांनी पाठीला टोचायच्या.

हे सगळं वाचताना घर आनंदी वाटेल. तसं नव्हतं. समोरचं दार उघडलं की आतला ताण आधी जाणवायचा, मग सुपाचा वास. टॅम्पिनीसवरून हवाई दलाची जेट विमानं जातात. आम्हाला सवय झालेली, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो. रायसा बोरिसोव्हनांचा हात मात्र जिथे असेल तिथे थांबायचा. चमचा तोंडाजवळ असेल तर तिथेच. त्या कान देऊन आवाजाची दिशा ऐकायच्या आणि म्हणायच्या, "जातंय." मग चमचा पुढे सरकायचा. त्यांच्या घरातल्या पोलादी दाराच्या खोलीत एकही कांदा नव्हता. दोन खुर्च्या, पाण्याचे कॅन, बिस्किटं, टॉर्च आणि घडी केलेलं ब्लँकेट.

त्या ज्यू होत्या, पण धर्माशी संबंध म्हणाल तर नावाचाच. त्यांच्या तरुणपणी तिथल्या पासपोर्टवर पाचव्या ओळीत माणसाची जमात लिहीत. त्यांच्या पाचव्या ओळीत 'ज्यू' होतं. त्या ओळीमुळे त्यांना विद्यापीठात हवा तो विषय मिळाला नव्हता. "देवानं मला कधी ओळख दाखवली नाही," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट मात्र कधी विसरला नाही." मग एकदम मला विचारलं, "तुमच्याकडे होती अशी ओळ?"

आम्ही नागपूरचे बौद्ध. मी म्हटलं, "आमच्याकडे ओळ लागत नव्हती. आडनाव पुरायचं."

त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक बटाट्याचं धिरडं वाढलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा कमी करड्या आवाजात बोलायला लागल्या.

जर्मन का शिकवलं, हे मी एकदा विचारलं होतं. कारण मार्ककडून मला कळलं होतं की त्यांच्या आजीला त्या जुन्या महायुद्धात जर्मनांनी खारकीवबाहेरच्या एका घळीत नेऊन गोळ्या घातल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही मी जर्मन घेतलं तेव्हा. पण मला वाटायचं, पुढच्या वेळी ते येतील तेव्हा दाराबाहेर काय बोलतायत ते मला कळलं पाहिजे." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी आले ते माझ्याच भाषेत बोलत आले."

लहानपणापासून त्यांच्या घरात रशियनच बोलत. सिंगापूरला आल्यापासून त्यांनी ती घरात बंद केली होती. मुलाशी युक्रेनियन बोलायच्या, तीही त्यांना अडखळत यायची. मार्क चिडायचा. "ती माझ्याशी परदेशी माणसासारखी बोलते," तो मला एकदा कँटीनमध्ये म्हणाला.

सिंगापुरात फेब्रुवारीत एका संध्याकाळी शहरभरचे भोंगे वाजवून बघतात. आधी सांगितलेलं असतं, पण सांगितलेलं ज्याला कळतं त्यालाच. पहिल्या वर्षी मार्क कामासाठी परदेशी गेला होता आणि रायसा बोरिसोव्हनांना हे सांगायचं मलाही सुचलं नाही. मी मेट्रोतून उतरत होते तेव्हा भोंगा झाला. लोक चालत राहिले. मी पळत सुटले.

समोरच्या घराचं जाळीचं दार सताड उघडं होतं. जेवणाच्या टेबलावर अनोमाची वही, तिच्यावर उघडं पेन. गॅस बंद. घरात कुणी नाही. पोलादी दार लावलेलं.

मी हाका मारल्या, दारावर थापा मारल्या. आत आवाज पोचत होता की नाही, कळेना. फोन लावला तर लागेना. त्या भिंतींतून फोन लागतच नाही. लिफ्टजवळ राहणाऱ्या मलय बाई बाहेर आल्या, पोलिसांना बोलावू का म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि हो म्हणायला हवं होतं का, असं लगेच वाटलं. दाराच्या आत माझी मुलगी होती आणि एक म्हातारी होती जिला वाटत होतं की बाहेर बॉम्ब पडताहेत.

भिंतीत वर हवेसाठी एक गोल भोक असतं. मी खुर्चीवर चढून त्याला तोंड लावलं. "अनोमा."

"आई, वेट लाह," आतून अगदी शांत आवाज आला, सिंगापुरी शाळेच्या इंग्रजीत. "आंटी नॉट रेडी."

"तू ठीक आहेस का?"

"मी ओके. शी इज स्केअर्ड, सो आय स्टे."

मग मी रायसा बोरिसोव्हनांशी बोलायला लागले. चाचणी आहे, दर वर्षी असते, रस्त्यावर बसेस चालू आहेत, खाली मुलं बास्केटबॉल खेळताहेत. उत्तर नाही. शेवटी मी म्हटलं, "तुम्हीच कान देऊन ऐका. जातंय की येतंय?"

बऱ्याच वेळानं कड्या सरकल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता, पण केस विंचरलेले होते. अनोमाच्या खांद्यावर ब्लँकेट होतं. मला वाटलं, त्या माफी मागतील. त्यांनी मागितली नाही. माझ्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणाल्या, "पुन्हा वाजला तर मी पुन्हा हेच करीन. चालत असेल तर उद्यापासून पाठवा."

घरी येऊन मी रडले. नवऱ्यानं सांगितलं, काही दिवस नको पाठवू. दुसऱ्या दिवशी अनोमा शाळेतून आली आणि कुणाला न विचारता समोर गेली. मी अडवलं नाही.

माझी आई नागपूरहून आली ती त्याच वर्षी. तिला इंग्रजीचा गंध नाही. पण आठवड्याभरात ती आणि रायसा बोरिसोव्हना व्हॉइड डेकच्या बाकावर रोज दुपारी शेजारी बसायला लागल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी युक्रेनियनमध्ये. मी आईला विचारलं, काय बोलता? आई म्हणाली, "ती तिच्या बहिणीचं सांगते, मी माझ्या." आईला त्यांचं नाव झेपलं नाही, म्हणून ती त्यांना रायसाबाई म्हणायची.

बहीण म्हणजे फिरा. रायसा बोरिसोव्हनांपेक्षा दहा वर्षांनी मोठी, खारकीवमध्येच, चौथ्या मजल्यावर एकटी. तिनं यायला साफ नकार दिला होता. जुन्या युद्धात ती वर्षाची होती, तेव्हा तिला गुंडाळून आगगाडीनं पूर्वेकडे नेलं होतं. "मी एकदा घर सोडलंय," ती म्हणायची. "एका आयुष्याला एकदा पुरे." आमच्या दुपारी तिकडे सकाळ व्हायची, तेव्हा रायसा बोरिसोव्हना फोन लावायच्या. फिरा फोन उचलून "जिवंत आहे" म्हणायची, दोन वाक्यं मांजराबद्दल तक्रार करायची आणि ठेवून द्यायची. तेवढ्यावर रायसा बोरिसोव्हनांचा पुढचा दिवस चालायचा.

एका दुपारी फोन उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिकडे वस्तीत पुन्हा हल्ले झाले होते. शेजारी गाव सोडून गेलेले, ओळखीच्या एका बाईंनी जाऊन दार वाजवलं तर आतून उत्तर नाही. रायसा बोरिसोव्हना बाकावर यायच्या थांबल्या. त्यांच्या घरातून मायलेकांचे आवाज ऐकू यायला लागले, आणि ते रशियनमध्ये होते. इतक्या दिवसांनी त्यांनी ती भाषा काढली होती, भांडायला.

शनिवारी सकाळी मार्क आमच्या दारात आला. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पालक निवडत होती. त्यानं खिशातून त्याच्या आईचा पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. ती जाणार म्हणते."

"मार्क, हे बरं नाही."

"मग काय बरं आहे ते सांग. मी जाऊ शकत नाही, मी लढाईच्या वयाचा आहे. गेलो तर तिथलं सरकार मला परत बाहेर सोडणार नाही, आणि मग इथला तिचा पासही जाईल. तिला हृदयाचा त्रास आहे. तिथे रेल्वे स्टेशनांवर क्षेपणास्त्रं पडतात. फिरामावशी बहुतेक गेलेली आहे. एका मेलेल्या म्हातारीसाठी मी दुसरीला पाठवू?" त्यानं माझ्या आईकडे पाहिलं. "तुझी आई असती तर?"

मी पासपोर्ट घेतला आणि टीव्हीखालच्या कपाटात ठेवला. आईनं ते पाहिलं. पालक निवडत राहिली.

थोड्या वेळानं रायसा बोरिसोव्हना आल्या. स्वेटर नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या आणि आरडाओरडा न करता म्हणाल्या, "तो इथे आहे, मला माहीत आहे. मार्कला दुसरं कुणी नाही."

आईनं मला विचारलं, "काय म्हणते?" मी सांगितलं. मग त्या बोलत गेल्या आणि मी आईला मराठीत सांगत गेले, एकेक वाक्य.

जुन्या महायुद्धात त्यांची आजी घर सोडायला तयार नव्हती. तिनं त्याच्याही आधीच्या युद्धात जर्मन सैनिक पाहिले होते, ते सभ्य होते, दार वाजवून आत यायचे. ती म्हणाली, तुम्ही जा, मी घर सांभाळते. रायसा बोरिसोव्हनांची आई छोट्या फिराला घेऊन निघाली. दारात उभं राहून तिनं आजीची तीनदा विनवणी केली आणि मग गाडी चुकेल म्हणून गेली. पुढे पन्नास वर्षं ती आई जगली. मरताना तापात ती एकच गोष्ट म्हणत होती. आजीला का नेलं नाहीस, असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तरी ती उत्तर देत होती, "मी विनवणी केली. मी ओढलं नाही. तिचं वजन तरी किती होतं?"

"मी फिराला फोनवर विनवणी करून आले," रायसा बोरिसोव्हना म्हणाल्या. "पोलंडला जाताना. मीही ओढलं नाही."

मी म्हटलं, "पण त्या जिवंत नसल्या तर?"

"मग पुरेन. आमच्या घरात ज्यांना पुरता आलं असे फार नाहीत."

हे मी आईला मराठीत सांगितलं. आईनं पालकाचे हात पदराला पुसले. गुडघ्यावर हात टेकून उठली, टीव्हीखालचं कपाट उघडलं, पासपोर्ट काढला आणि रायसा बोरिसोव्हनांच्या मांडीवर ठेवला.

"आई, मार्कला काय सांगू मी?"

"सांग, म्हातारीनं दिला," आई म्हणाली. "अन् त्याला म्हण, माय आहे ती त्याची, सामान नाही कपाटात ठेवायला."

मार्कला मी ते सांगितलं, पहिला भाग. नंतर लॅबमध्ये दिसला तरी नजर वळवायचा.

विमानतळावर मात्र तो आईची बॅग घेऊन आला. चांगी विमानतळावर रायसा बोरिसोव्हना आम्हा सगळ्यांच्या पुढे चालत होत्या, व्हीलचेअर नाकारून. आत जायच्या आधी त्यांनी मार्कची कॉलर सरळ केली, अनोमाच्या पाठीला दोन बोटांनी टोचलं आणि माझ्या आईचे दोन्ही हात हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मार्क भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग वाट पाहणं. वॉर्सापर्यंत विमान, पुढे सीमेपर्यंत बस, पुढे आगगाडी. प्रत्येक टप्प्यावर दोन शब्दांचा मेसेज यायचा. मला तो मार्ककडून कळायचा नाही, अनोमाकडून कळायचा. ती अजून समोर जायची, आणि तो तिला अडवत नव्हता. एकदा मधेच मेसेज थांबले. त्या संध्याकाळी समोरच्या घरात दिवा लागला नाही. दाराच्या जाळीतून मला तो दिसला, अंधारात टेबलाशी बसलेला. मी आमटीचा डबा दाराशी ठेवून आले. सकाळी डबा धुऊन आमच्या दाराशी होता.

फिरा जिवंत होती. स्वयंपाकघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि फोन फुटला होता. बचावपथकानं तिला उचलून हॉस्पिटलमध्ये टाकलं, तिथे नाव चुकीचं नोंदलं गेलं, म्हणून कुणाला पत्ता नाही. रायसा बोरिसोव्हना एकेका हॉस्पिटलात फिरत गेल्या आणि एका व्हरांड्यातल्या खाटेवर ती सापडली. बहिणीला पाहून ती म्हणाली, "तू कशाला आलीस, मूर्ख?" आणि पोलंडला यायला पुन्हा नकार दिला.

या वेळी रायसा बोरिसोव्हनांनी विनवणी केली नाही. दोन धट्टेकट्टे स्वयंसेवक गाठले आणि फिराला स्ट्रेचरसकट आजाऱ्यांच्या आगगाडीत चढवलं. फिरानं त्यातल्या एकाच्या डोक्यात चष्म्याचं घर मारलं. पोलंडच्या सीमेपर्यंत ती शिव्या देत होती आणि सीमा ओलांडल्यावर बोलायची थांबली. बहिणीशी एक शब्द नाही. दोघींना एका लहान गावात खोली मिळाली. रायसा बोरिसोव्हना तिला सोडून सिंगापूरला परत येऊ शकत नव्हत्या. इथला त्यांचा पास संपला. पुन्हा नवं गाव, पुन्हा नवी भाषा, पुन्हा भाजीवाल्याला बोटानं दाखवणं, सगळं मुळापासून.

गेल्या महिन्यात एका रविवारी आमची बेल वाजली. दारात मार्क होता, हातात फोन धरलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ती तुला मागतेय," तो म्हणाला.

पडद्यावर रायसा बोरिसोव्हना होत्या. थोड्या वाळल्या होत्या. त्यांनी आधी आईची चौकशी केली, मग अनोमाच्या पाठीची. मी फिराबद्दल विचारलं. त्यांनी फोन वळवला. खिडकीशी एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून बसली होती, खांद्यावर शाल, मानेचे हाडकुळे कंगोरे दिसत होते.

"अजून बोलत नाही?" मी विचारलं.

"नाही. भयंकर रागावली आहे," रायसा बोरिसोव्हना म्हणाल्या. आवाज करडाच होता, पण त्यात एक असा काही अभिमान होता की मी मार्ककडे पाहिलं. "रागावली आहे, म्हणजे आहे."

तेवढ्यात खिडकीतल्या म्हातारीनं जमिनीवर काठी आपटली. "चहा हवा आहे तिला," असं म्हणून रायसा बोरिसोव्हनांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्या उठल्या. आम्हाला नुसतं छत दिसत राहिलं. पावलं, कपाचा आवाज, साखर ढवळल्याचा आवाज. मग एक दुसरा आवाज आला, घोगरा, तुटक, जेमतेम दोन शब्दांचा.

मार्क फोनवर वाकला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"शिवी दिली," तो म्हणाला. "साखर जास्त झाली म्हणून."

आणि त्या छतामागून, आम्हाला न दिसणाऱ्या कोपऱ्यातून, रायसा बोरिसोव्हना तिच्याशी भांडायला लागल्या.